कोणते पान वाचावे?



संगणकाविषयी बोलावयाचे तर एखाद्या प्राध्यापकाला, नाही तर इंजिनियरला बोलवावे, असा सर्वत्र रिवाज आहे. ह्या मालेच्या चालकांनी तो मोडून कामगार चळवळीतल्या, नववीत शाळा सुटलेल्या माणसाला येथे उभे केले, ह्याचे श्रेय किंवा अपश्रेय त्यांचे. आमचे पुढचे शिक्षण झाले ते मोफत वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके उलटीत. त्यामुळे एका गोष्टीचा मात्र आम्हांला दांडगा अनुभव आहे. ती म्हणजे पुस्तक समोर उघडे असून त्यातले काही न उमगणे. आजचे बोलणे त्या अनुभवाच्या जोरावर आहे, संगणकशास्त्राच्या नव्हे.

'लिनक्स' ह्या नावाने जी मुक्त प्रणाली ओळखली जाते, तिच्याकडे नव्याने वळलेल्या माणसाला चांगली माहिती कोठे सापडावी आणि आपण त्याला ती कशी सापडवून द्यावी, हा आजचा विषय. प्रणाली चांगली की वाईट, हा वाद आम्ही आज घालणार नाही.

ही चीज काय आहे ते थोडक्यात सांगतो. संगणक चालू केला की जो कार्यक्रम सर्वांच्या आधी जागा होतो आणि कळफलक, पडदा, छपाईचे यंत्र, फायली ह्या सर्वांवर मुकादमी करतो, ती ऑपरेटिंग सिस्टिम. बहुतेकांच्या घरी ती विंडोज असते. १९८३ साली अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी 'ग्नू' नावाचा उपक्रम जाहीर केला. ज्या प्रणालीचा मूळ मजकूर कोणालाही वाचता यावा, बदलता यावा आणि शेजाऱ्याला देता यावा, अशी संपूर्ण प्रणाली उभारावयाची, हा त्यांचा संकल्प. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनुस टोरवाल्ड्स ह्या तरुणाने तिचा गाभा लिहावयास घेतला. दोन्ही मिळून जे झाले, त्याला लोक लिनक्स म्हणतात. हा गाभा आणि हजारो कार्यक्रम एकत्र बांधून लोकांच्या हाती देणाऱ्या ज्या मंडळ्या निघाल्या, त्यांच्या त्या गाठोड्याला 'वितरण' म्हणतात. १९९३ मध्ये डेबियन निघाले, २००४ मध्ये उबंटू, आणि उबंटूच्या पायावर लिनक्स मिंट. रेड हॅट व फेडोरा ह्यांचे घराणे निराळे. ही घराणी ध्यानात ठेवा, पुढे त्यांचे काम पडणार आहे.

आता हा विषय एकाएकी आमच्यासारख्यांच्या दारी का आला? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित दुरुस्ती तिच्या निर्मात्यांनी थांबविली. पुढली विंडोज ११ घ्यावी, तर ती काही वर्षांपूर्वीच्या पुष्कळ यंत्रांना आपल्या यादीतच घेत नाही. यंत्र धडधाकट आहे, चालते आहे, आणि तरी त्याला निवृत्त करा म्हणतात. पन्नाशीच्या कामगारावर असा प्रसंग आलेला आम्ही पुष्कळदा पाहिला आहे. यंत्रावर आलेला प्रथमच पाहिला. नवे यंत्र घेणे शाळांना, वाचनालयांना, छोट्या युनियनांना परवडण्यासारखे नसते. म्हणून आमच्या कचेरीतल्या जुन्या संगणकावर एका ओळखीच्या तरुण इंजिनियरने लिनक्स मिंटची २२ वी आवृत्ती बसवून दिली. यंत्र पुन्हा तरतरीत झाले. आणि मग खरी गंमत सुरू झाली.

आमच्या कचेरीत हिशेब व टंकलेखन पाहणाऱ्या एक ताई आहेत. एका बंद पडलेल्या गिरणीतील चाळीस-एक कामगारांचे ग्रॅच्युइटीचे दावे तयार करावयाचे होते. सोमवारी ते दाखल व्हावयाचे, आणि शनिवारी सकाळी ताईंच्या ध्यानात आले की नव्या प्रणालीत मराठी अक्षरे उमटत नाहीत. त्यांनी त्या तरुणाला फोन लावला.

"दादा, मराठी टंकायचं कसं?"

"ताई, सगळं लिहिलेलं आहे. मॅन पेज वाचा ना!"

"कोण हा मॅन?"

तो हसला, आणि गडबडीत असल्यामुळे त्याने फोन ठेवला. ताई बिचाऱ्या इंटरनेटवर शोधू लागल्या. पहिलाच लेख सापडला तो २००८ च्या सुमाराचा. त्यात 'स्किम' नावाचा कार्यक्रम बसवा असे होते. त्या काळी ते बरोबरच होते. पुढे त्या कामासाठी 'आयबस' आला आणि स्किम मागे पडला. लेखात दिलेल्या पत्त्यावर यंत्राने जाऊन पाहिले, तो तेथे काहीच नाही. मग दुसरा लेख. तो दुसऱ्याच एका वितरणासाठी लिहिलेला. त्यात सांगितले होते की अमुक कोठाराचा पत्ता आपल्या यंत्राच्या यादीत लिहा आणि सर्व कार्यक्रम ताजे करून घ्या. ताईंनी अक्षर न् अक्षर तसे केले. निम्मे कार्यक्रम एका घरचे आणि निम्मे दुसऱ्या घरचे झाले, आणि यंत्र पुन्हा चालू केले तो काळ्या पडद्यापलीकडे काही दिसेना. दाव्यांची प्रत पेन-ड्राइव्हवर होती म्हणून निभावले. तरी रविवारभर तिघांनी बसून अर्ज हाताने लिहून काढले.

मौज अशी की ताईंना जे पाहिजे होते, त्यासाठी काही बसवावयाचे नव्हतेच. सेटिंगमध्ये कळफलकाचे पान उघडावयाचे, मांडण्यांच्या यादीत मराठीची इन्स्क्रिप्ट मांडणी जोडावयाची, काम झाले. ते सांगणारी माहितीही उपलब्ध होती. फक्त ती ताईंच्या हाती लागली नाही, आणि जी लागली ती खोटी नव्हती. येथे नीट लक्ष द्या. दोन्ही लेख आपापल्या जागी खरे होते. एक त्याच्या काळी खरा, दुसरा त्याच्या घरी खरा. ताईंचा दोष म्हणाल तर इतकाच, की छापल्यासारखे दिसते ते आपल्यासाठीच लिहिले आहे असे त्यांनी धरले. आणि आपणा सर्वांना शाळेने तेच शिकविले आहे.

तेव्हा नव्या माणसाला शिकवावयाची पहिली गोष्ट आज्ञा नव्हे, तर कागद पारखणे. आमच्या धंद्यात कोणी कायद्याचा कागद आणला की आम्ही आधी पाहतो : कोणत्या राज्याचा, कोणत्या सालचा, मध्यंतरी दुरुस्ती झाली का. येथेही तेच. माझे वितरण कोणते, त्याची आवृत्ती कोणती, आणि हा लेख कोणत्या साली लिहिला? बहुतेक नव्या माणसांना पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ठाऊक नसतात, आणि त्यात लाज नाही. प्रत्येक यंत्रात 'एट्सी' नावाच्या कप्प्यात 'ओएस-रिलीज' नावाची छोटीशी फाइल असते. ती यंत्राची जन्मपत्रिकाच समजा. मिंटच्या यंत्रावर ती उघडली तर नाव मिंट, आवृत्ती अमुक, आणि पुढे 'सारखे' म्हणून उबंटू व डेबियन ही नावे दिसतात. म्हणजे बाप कोण, आजोबा कोण, हेही तेथेच लिहिलेले असते. मिंट २२ ही उबंटू २४.०४ च्या पायावर उभी आहे. तेव्हा मिंटचा लेख न मिळाल्यास उबंटू २४.०४ चा लेख बहुधा चालतो. उबंटूच्या आकड्यात साल आणि महिना असतो, २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. डेबियनवाल्यांनी मात्र थट्टा केली आहे. 'टॉय स्टोरी' नावाच्या चित्रपटातील खेळण्यांची नावे ते आपल्या आवृत्त्यांना देतात. जून २०२३ मध्ये आलेली १२ वी ती बुकवर्म, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली १३ वी ती ट्रिक्सी. लेखात नुसते 'बुकवर्म' एवढेच लिहिलेले असते, आणि नव्या माणसाला वाटते की ही कोठली पुस्तकातली कसर!

बापाचा लेख मुलाला चालतो असे म्हटले, तरी सर्वस्वी नव्हे. उबंटूचे पुष्कळसे लेख 'स्नॅप' ह्या पद्धतीने कार्यक्रम बसवा असे सांगतात. मिंटने ती पद्धत २०२० पासून मुद्दाम बंद ठेवली आहे. मुलगा बापाशी एका बाबतीत भांडला आहे, हे शेजाऱ्याला माहीत असावे लागते.

काही जुन्या खुणा सांगून ठेवतो, म्हणजे लेखाचे वय ओळखता येईल. जाळ्याची जोडणी पाहावयास 'इफकॉन्फिग' वापरा असे लेख म्हणत असेल तर तो वयस्क समजावा. डेबियनने २०१७ च्या ९ व्या आवृत्तीपासून ते नेहमीच्या बसवणुकीतून काढले, आणि आता 'आयपी' नावाची आज्ञा आहे. सेवा चालू-बंद करण्याविषयी 'इनिट-डी' कप्प्यातील फायलींत हात घालावयास सांगत असेल, तर तो बहुधा २०१५ च्या आधीचा. त्या वर्षी डेबियन व उबंटू दोघांनीही 'सिस्टिमडी' स्वीकारली. 'यम' असे दिसले तर ते रेड हॅटच्या घराण्यातले, आणि तेथेही आता 'डीएनएफ' आहे. डेबियनच्या घराण्यात 'एपीटी'. एवढ्या चार खुणांनी रद्दीचा मोठा गठ्ठा बाजूला पडतो.

आता त्या 'मॅन'कडे वळू. हा मनुष्य नव्हे, 'मॅन्युअल'चे ते लघुरूप. युनिक्स नावाची जी पूर्वज प्रणाली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून घडली, तिची पहिली पुस्तिका केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ह्यांनी ३ नोव्हेंबर १९७१ रोजी काढली. एकेका आज्ञेला एकेक पान, आणि प्रत्येक पानाचा घाट ठरलेला : आधी नाव, मग वापरण्याचा साचा, मग वर्णन, आणि शेवटी एक मथळा असे, 'दोष'. ज्याने यंत्र केले त्यानेच आपल्या यंत्रात काय बिघाड आहे ते पुस्तिकेत छापावयाचे! आम्ही ३० वर्षे कारखान्यांची पत्रके वाचीत आलो, परंतु असा मथळा आम्हांला दुसरीकडे कोठे दिसला नाही. ही चाल आजही लिनक्सच्या पानांत टिकून आहे. चांगली माहिती ओळखण्याची आमची स्वतःची कसोटी हीच आहे, की हे कोठे चालणार नाही, ते लेखक सांगतो का? जो फक्त चालते एवढेच सांगतो, त्याच्यापासून जपून.

मॅनचे पान वाचणे ही एक स्वतंत्र विद्या आहे, अवघड नव्हे, परंतु कोणी तरी एकदा सांगावी लागते. पहिली अडचण हास्यास्पद वाटेल. पान उघडले की त्यातून बाहेर कसे पडावे हेच नव्या माणसाला समजत नाही. तो यंत्रच बंद करतो. 'क्यू' हे अक्षर दाबावे, झाले. साच्यात चौकोनी कंसात जे असते ते दिले नाही तरी चालते; तीन टिंबे असली म्हणजे ती गोष्ट एकाहून अधिक वेळा देता येते. पुस्तिकेचे आठ भाग आहेत. पहिल्यात रोजच्या आज्ञा, पाचव्यात फायलींचे नमुने, आठव्यात व्यवस्थापकाच्या आज्ञा; दुसरा-तिसरा कार्यक्रम लिहिणाऱ्यांसाठी, आणि सहावा चक्क खेळांसाठी. आता 'पासवर्ड' ह्या अर्थाचे आखूड नाव, 'पासडब्ल्यूडी', हे पहिल्या भागातही आहे आणि पाचव्यातही. पहिल्या भागातले पान संकेतशब्द बदलण्याच्या आज्ञेचे, पाचव्यातले त्या नावाच्या फाइलीचे. भाग न सांगता मागाल तर पहिला मिळेल. नाव माहीत नसेल, नुसते काम माहीत असेल, तर 'अप्रोपो' नावाची आज्ञा आहे. तिला एक इंग्रजी शब्द द्यावा, ती त्या विषयाच्या पानांची यादी पुढे करते. शब्दकोशात उलट बाजूने शिरण्यासारखे ते आहे.

ह्या पानांचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ती आपल्याच यंत्रात, आपल्याच आवृत्तीची असतात. परगावचा लेख चुकीचा निघेल, मॅनचे पान सहसा परके निघत नाही. त्याच कारणाने डेबियनच्या घराण्यात 'यूएसआर', 'शेअर', 'डॉक' अशा एकात एक कप्प्यांत प्रत्येक कार्यक्रमाची जी टिपणे ठेवलेली असतात, तीही पाहावीत. मूळ कार्यक्रमात डेबियनने काय फेरफार केला, हे तेथे 'रीडमी-डेबियन' नावाच्या फाइलीत सापडते. आमच्या पाहण्यात ती फाइल फारसे कोणी उघडीत नाही.

पण म्हणून नव्या माणसाला 'मॅन वाचा' असे सांगणे शहाणपणाचे आहे काय? आमचे स्पष्ट मत आहे, नाही. मॅनचे पान हा कोश आहे. कोश भाषा येणाऱ्यासाठी असतो. डॅनिएल प्रोचिडा नावाच्या एका जाणकाराने अशा लेखनाचे चार प्रकार सांगितले आहेत, आणि ते आम्हांला फार पटतात. एक बाळबोध धडा, ज्यात हात धरून चालविले जाते. दुसरी कृती, म्हणजे अमुक एक काम कसे करावे. तिसरा कोश. चौथे विवेचन, म्हणजे हे असे का आहे. स्वयंपाक शिकणाऱ्या मुलीला आई शेजारी उभी राहून पहिली पोळी लाटावयास लावते, तो धडा. पुरणपोळीची कृती वहीत लिहिलेली असते, ती कृती. कोणत्या डाळीत काय असते तो कोश, आणि पुरण सैल का झाले ह्याची चर्चा ते विवेचन. भुकेल्या माणसाने विचारले की पोळी कशी करू, आणि आपण त्याच्या हाती गव्हाच्या जातींचा ग्रंथ दिला, तर तो ग्रंथ कितीही अचूक असो, ती मदत नव्हे.

ह्या जगातल्या जुन्या जाणत्यांत एक वाईट खोड आहे. नवखा काही विचारू लागला की चार इंग्रजी आद्याक्षरांत उत्तर देऊन मोकळे व्हावयाचे. त्याचा सभ्य अर्थ 'ती पुस्तिका वाच'. असभ्य अर्थ ह्या व्यासपीठावर सांगण्याजोगा नाही. त्यांची बाजू आम्हांला समजत नाही असे नाही. एकच प्रश्न शंभर जण विचारतात, उत्तर देणारा पगारी नसतो. परंतु भविष्यनिर्वाह निधीचा पैसा अडलेला कामगार कचेरीत आला आणि आम्ही त्याच्यापुढे १९५२ चा कायदा टाकून 'वाच' म्हटले, तर तो पुन्हा पायरी चढेल का? त्याला कलम दाखवावे लागते, बोट ठेवून. आणि पुढच्या खेपेस तेच कलम त्याने आपल्या भावाला दाखविले, म्हणजे आमचे काम झाले.

१९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात अशी तरतूद होती की कारखान्याचे आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत दाराजवळच्या फलकावर लावावेत. एका कारखान्यात तो फलक आम्ही पाहिला. होता दाराजवळच, पण सायकलींच्या मांडवामागे, काचेवर बोटभर धूळ. कायद्याचे अक्षर पाळले होते. लिनक्सच्या माहितीचे पुष्कळ ठिकाणी असेच आहे. 'माहिती उपलब्ध आहे' ह्या वाक्याने आमचे समाधान होत नाही. ती धूळ पुसणारा माणूस कोण, हे आम्ही विचारतो.

तर मग धडा कोठला द्यावा? ज्या वितरणाचा माणूस, त्या वितरणाचे स्वतःचे पहिले पुस्तक. मिंटची बसवणुकीची मार्गदर्शिका आहे, उबंटूची पडद्यावरच मदत आहे. डेबियनसाठी राफाएल हर्टझोग आणि रोलां मास ह्यांचा 'डेबियन ॲडमिनिस्ट्रेटर्स हँडबुक' हा ग्रंथ आहे. तो मूळचा फ्रेंच. त्याचे इंग्रजी करावयाचे आणि ते सर्वांना मुक्त द्यावयाचे, म्हणून लोकांनी वर्गणी काढली, आणि २०१२ साली ते झाले. वर्गणीवर चालणाऱ्या आम्हां लोकांना ही हकीगत विशेष आवडते. कृतींसाठी 'आर्च विकी' नावाचा मोठा संग्रह आहे. तो आर्च ह्या वितरणासाठी लिहिलेला, परंतु इतका काळजीपूर्वक की इतर घराण्यांतील लोकही तो वाचतात. तेथले स्पष्टीकरण खुशाल घ्यावे. कार्यक्रम बसविण्याच्या आज्ञा आणि फायलींचे पत्ते मात्र आपल्या घरचे वापरावेत. डेबियनच्या विकीत तर 'डेबियन मोडू नका' अशाच अर्थाचे एक पान आहे, आणि परक्या कोठारांचे पत्ते यादीत लिहू नका ही त्यातली मुख्य ताकीद. आमच्या ताईंनी शनिवारी सकाळी ते एक पान वाचले असते तर रविवार वाचता.

जाता जाता एका भांडणाची गोष्ट. कार्यक्रम मुक्त असेल तर त्याची पुस्तिकाही मुक्त हवी, असा स्टॉलमन ह्यांचा आग्रह, आणि तो रास्तच आहे. पुस्तिका दुरुस्त करावयाची मुभा नसेल तर कार्यक्रम बदलल्यावर ती खोटी पडते. त्यासाठी त्यांच्या संस्थेने २००० साली पुस्तिकांचा एक खास परवाना काढला. परंतु त्यात काही परिच्छेद बदलू नयेत असे लेखकाला ठरविता येते. डेबियनवाल्यांनी २००६ साली मतदान घेऊन ठरविले की असे न बदलता येणारे परिच्छेद असलेली पुस्तिका आमच्या मते मुक्त नव्हे. परिणाम असा की ग्नूच्या काही उत्तम पुस्तिका डेबियनच्या मुख्य कोठारात नसून 'अमुक्त' नावाच्या वेगळ्या खणात आहेत. तत्त्वासाठी दोन स्नेही गटांची फाटाफूट व्हावी आणि नडावे साध्या माणसाला, हे आम्हां चळवळीतल्यांना नवे नाही. नव्या माणसाला एवढेच सांगावे की पुस्तिका हरवलेली नाही, शेजारच्या खणात आहे.

अलीकडे कोणी पुस्तकच शोधीत नाही, उत्तरे देणाऱ्या कृत्रिम बुद्धीच्या यंत्राला विचारतात. आम्हीही विचारतो. ते मराठीत बोलते, रागावत नाही, शंभरदा विचारले तरी चार आद्याक्षरे तोंडावर फेकीत नाही; हा त्याचा गुण कबूल केला पाहिजे. परंतु ते कधी कधी नसलेली आज्ञा आणि नसलेला पर्याय अशा ठामपणे सांगते, की ऐकणाऱ्याला शंकाही येऊ नये. त्याने सांगितलेला प्रत्येक पर्याय आपल्या यंत्रातल्या मॅनच्या पानात आहे का, ते पाहून घ्यावे. कोश उपयोगी पडतो तो असा; साक्षीदार म्हणून. आणि 'सुडू' ह्या शब्दाने आरंभ होणारी आज्ञा तर कोणाच्याही सांगण्यावरून, प्रत्येक शब्दाचा अर्थ लागल्याखेरीज, देऊ नये. सुडू म्हणजे मालकाच्या हुकुमाने. मालकाच्या हुकुमाने केलेले काम यंत्र सहसा परत विचारून करीत नाही.

भाषेचे काय? मॅनच्या पानांची फ्रेंच, जर्मन, पोलिश वगैरे भाषांत भाषांतरे करणाऱ्या मंडळ्या आहेत. मराठी माणसाला अजून बव्हंशी इंग्रजीवरच भिस्त ठेवावी लागते. तथापि आपल्याच राज्यात एक मोठे काम झाले आहे, ते गावोगाव ठाऊक असावयास हवे. मुंबईच्या आयआयटीमध्ये प्राध्यापक कण्णन मौद्गल्य ह्यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचा प्रकल्प उभा राहिला. दहा-दहा मिनिटांचे चित्रित धडे, आवाज भारतीय भाषांत, मराठीतही; लिनक्सच्या प्राथमिक आज्ञांवर, कार्यालयीन कामाच्या मुक्त कार्यक्रमांवर. धडा पाहावयाचा, थांबवावयाचा, शेजारी तेच स्वतः करून पाहावयाचे, अशी त्यांची रीत. ज्याला इंग्रजी वाचताना धाप लागते, त्याने येथून आरंभ करावा असे आम्ही सांगतो. धडा कोणत्या आवृत्तीवर चित्रित केला आहे, ते मात्र येथेही पाहावे.

आता मदत करणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण ह्या सभागृहात तरुण जाणकार पुष्कळ दिसतात. नवख्याच्या शेजारी बसा, पण त्याच्या कळफलकाला हात लावू नका. तुमची बोटे दोन पळांत काम उरकतील आणि तो होता तेथेच राहील. उत्तर ठाऊक असले तरी त्याच्याबरोबर पुन्हा शोधा, म्हणजे तुम्ही कोणता लेख का सोडला हे तो पाहील. ते पाहणे उत्तराहून मोलाचे आहे. त्याला विचारा की तुला नेमके काय करावयाचे आहे. ताईंना मराठी टंकावयाचे होते, आयबस शिकावयाचे नव्हते. आणि त्याने जे केले ते तारखेसह वहीत लिहावयास लावा : कोणता लेख, कोणती आज्ञा, काय झाले. कापडखात्यात दर पाळीची नोंद असते ती उगीच नव्हे. बिघाड कोठे शिरला ते नोंदीवरूनच सापडते.

आणखी एक. धडा कोठे अडखळवितो हे जाणत्याला कधीच दिसत नाही, त्याची पायवाट झालेली असते. ते फक्त नवख्याला दिसते, आणि तेही पहिल्या आठवड्यात. तेव्हा तो 'मला समजत नाही' म्हणाला की ती पुस्तकाविरुद्धची तक्रार समजून नोंदवून घ्या. ओपनबीएसडी नावाची एक मुक्त प्रणाली आहे. तिचे कर्ते पुस्तिकेतील चूक ही कार्यक्रमातील चुकीइतकीच खरी चूक मानतात. डेबियनमध्येही पुस्तिकेविरुद्ध रीतसर तक्रार गुदरता येते; तिला क्रमांक मिळतो आणि निकाल सर्वांना दिसतो. तक्रार करावयास प्रोग्रामर असावे लागत नाही. कोणते पान, कोणती आवृत्ती, कोणते वाक्य, मी काय केले, काय व्हावयास हवे होते आणि काय झाले, इतके लिहिता आले की पुरे. अर्ज लिहिण्याची ही रीत आमच्या कामगारांना उत्तम येते. जन्मभर तेच करीत आले आहेत.

ताईंनी त्या शनिवारनंतर असे एक पान तयार केले आहे. मिंट २२ वर मराठी कसे टंकावे, मराठीत, पाच ओळींत, वर तारीख आणि आवृत्ती. खाली त्यांनी आपण होऊन 'दोष' असा मथळा घातला आहे, आणि त्याखाली लिहिले आहे की जुन्या फाँटमधल्या फायली ह्याने वाचता येणार नाहीत. ते पान कचेरीच्या भिंतीवर, उजेडात, डोळ्यांच्या उंचीवर लावले आहे. गेल्या महिन्यात पलीकडच्या वाचनालयाचे ग्रंथपाल येऊन त्याची प्रत घेऊन गेले, आणि दोन दिवसांनी निरोप आला की त्यांच्या यंत्रावर तिसरी ओळ जुळत नाही. त्यांचे यंत्र उबंटूचे निघाले. ताईंनी त्यांच्यासाठी निराळे पान लिहावयास घेतले आहे.

दर रविवारी सकाळी दहा ते बारा आमची कचेरी ह्या कामासाठी उघडी असते. ज्यांची यंत्रे अडली असतील त्यांनी ती, आणि ज्या लेखावरून अडली तो लेख, दोन्ही घेऊन यावे. अध्यक्षमहाशयांनी मघाच घड्याळाकडे पाहिले आहे, आणि प्रश्नांसाठी वेळ ठेवावयास आम्ही चालकांना कबूल झालो होतो. कोणाला काही विचारावयाचे असल्यास विचारावे. आपले वितरण आणि आवृत्ती तेवढी आधी सांगावी.